तत्रैव सरांचं पुस्तक

"मॅडम, तत्रैव सरांचं पुस्तक भेटंल का?"

मी देवघेवीच्या काउंटरवर उभी होते. खरं तर विद्यापीठाच्या ग्रंथपालाने काउंटरवर उभं राहायची काही गरज नसते, पण त्या आठवड्यात खुर्ची मला टोचत होती. शुक्रवारी विद्या परिषदेची बैठक होती आणि विषयपत्रिकेवर चौदाव्या क्रमांकाला माझा प्रस्ताव होता. पदवीच्या पहिल्या वर्षाला, सगळ्या शाखांना, माहिती साक्षरतेचा सक्तीचा पेपर. दोन श्रेयांक, पन्नास गुण. माहिती शोधायची कुठे, ती खरी की खोटी हे ओळखायचं कसं, दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव कसं द्यायचं, एवढं साधं. चार वर्षं मी तो कागद घेऊन वणवण करत होते आणि चारही वर्षं तो 'पुढील बैठकीत विचारार्थ' असा शेरा घेऊन परत येत होता. आता श्रेयांक पद्धत येणार म्हणून सगळेच अभ्यासक्रम नव्याने लिहायला घेतले होते. या वेळी हुकलं की माझ्या नोकरीत पुन्हा संधी नव्हती.

"भेटेल नाही, मिळेल," मी म्हणाले. "माणसं भेटतात, पुस्तकं मिळतात. कोणाचं म्हणालीस?"

"तत्रैव सरांचं." तिने झेरॉक्सचा कागद काउंटरवर सरकवला. कुणाच्या तरी प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची होती. 'त' खाली पेन्सिलीने रेघ मारलेली : 'तत्रैव, ना. गो. : पाणी आणि बोली, पुणे, पृ. ४२.'

मी हसले. हसले म्हणजे खदखदून हसले, वाचनकक्षातल्या माना वळल्या इतकी. तळटीपांमध्ये एकच संदर्भ लागोपाठ दोनदा आला की दुसऱ्यांदा कोणी सगळं पुन्हा लिहीत नाही, 'तत्रैव' एवढंच लिहितात. ते काही कुणाचं आडनाव नव्हे. आणि मराठीत एम. ए. करणारी मुलगी त्यांना सर म्हणत होती.

"इंगळेमामा," मी आमच्या ग्रंथालय परिचराला हाक मारली, "तत्रैव सर कुठल्या कपाटात बसतात, जरा बघा बरं."

इंगळेमामांना काही कळलं नाही, पण मी हसतेय म्हणून तेही हसले. दोन-तीन मुलं हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. तिचे कान लाल झाले.

"मला त्या सरांना एक विचारायचं होतं," ती म्हणाली.

"अगं, कसलं विचारतेस!" मला पुन्हा हसू फुटलं. डोळे पुसून वर बघितलं तेव्हा ती दाराबाहेर गेली होती. कागद काउंटरवरच राहिला होता. देवघेवीच्या नोंदीत तिचं नाव सापडलं : सारिका धोत्रे, एम. ए. द्वितीय वर्ष, मराठी.

तिच्यामागे जायला हवं होतं. पण माझ्या हातात तो कागद होता आणि डोक्यात शुक्रवार. इतकी वर्षं मी परिषदेला आकडे दाखवले होते, तक्ते दाखवले होते, परदेशातल्या विद्यापीठांची उदाहरणं दिली होती. कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. हा एक कागद त्या सगळ्यांना भारी होता.

गुरुवारी सकाळपासून मी प्रबंध विभागात ठाण मांडलं. हे तत्रैव महाशय जन्माला कधी आले ते मला शोधायचं होतं. सारिकाचा कागद २००८ सालच्या प्रबंधातला होता. त्यात त्यांना 'ना. गो.' ही आद्याक्षरं होती. तो प्रबंध ज्याच्यावर बेतला होता तो २००४ चा, त्यात आद्याक्षरं नव्हती, पण पुस्तकाचं नाव होतं : 'पाणी आणि बोली'. त्याच्या आधीच्या, १९९९ च्या प्रबंधात ग्रंथाचं नावही नव्हतं, नुसतं 'तत्रैव, पृ. ४२'. म्हणजे एकाने पान दिलं, दुसऱ्याने ग्रंथ दिला, तिसऱ्याने बारसं केलं आणि पुण्याला घर घेऊन दिलं. तिन्ही प्रबंधांना पीएच. डी. मिळालेली. तिन्हींत एकच वाक्य उचललेलं होतं : 'विहिरीला पाणी लागत नाही, पाणी भेटते, लागतो तो दगड.' आणि त्यापुढे दीड-दीड पान विवेचन. 'तत्रैव यांच्या या प्रतिपादनातून समूहमनाची जलविषयक आत्मीयता प्रतीत होते.' मी एकटीच कपाटांमध्ये उभी राहून टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

तिन्हींच्या सूच्या लावून बघितल्या तर सगळ्यांचं मूळ एकच निघत होतं. १९९३ चा प्रबंध : 'बोलीतील पाणीविषयक शब्दसंपदा'. संशोधक, विश्वंभर कोरडे.

कोरडे सर म्हणजे आता मराठीचे विभागप्रमुख आणि कला शाखेचे अधिष्ठाता. आडनाव कोरडे आणि प्रबंध पाण्यावर, म्हणून एकेकाळी सगळ्या विद्यापीठाने त्यांची चेष्टा केली होती. आणि माझा पेपर चार वर्षं अडवणारा माणूस हाच. दर बैठकीत त्यांचं एकच वाक्य ठरलेलं : "ग्रंथालयाने पुस्तकं द्यावीत, शिकवायचं आम्ही बघतो." त्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीला एक दिवस 'ग्रंथालय परिचय' ठेवावा, अशी त्यांची सूचना होती. म्हणजे मुलांना रांगेने आणायचं, कपाटं दाखवायची आणि चहा पाजून परत पाठवायचं.

त्यांचा प्रबंध जागेवर नव्हता. विभागातली दुसरी प्रत वाळवीने खाल्ल्याचं मला माहीत होतं. ग्रंथालयाची प्रत कुठे गेली म्हणून जुन्या नोंदवह्या काढल्या. २२ जून १९९४ रोजी ती कोरडे सरांनी स्वतःच्या नावावर नेलेली होती. त्यानंतर अठरा वर्षांत परत आली नव्हती. दर वर्षी स्मरणपत्र जायचं, सही मीच करायचे, आणि प्राध्यापकांकडे अशी शेकडो पुस्तकं असतात म्हणून पुढे कोणी पाहायचं नाही.

मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. या माणसाने स्वतःचाच प्रबंध लपवून ठेवला होता!

शुक्रवारी बैठक अकराची. साडेनऊला मी त्यांच्या दालनात होते.

"सर, तुमच्याकडे ग्रंथालयाचं एक पुस्तक आहे. थकीत."

ते पेपर तपासत होते. चष्मा वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुठलं?"

"तुमचंच."

मी झेरॉक्सचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि 'त' वर बोट ठेवलं. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान उडवाउडवी तरी करतील. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "पुण्याचे झाले का आता?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे!"

"बसा."

"मी बसणार नाही. तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तोंडी परीक्षेपासून," ते म्हणाले. "बहिःस्थ परीक्षक होते. सूची चाळत होते. म्हणाले, हे तत्रैव कोण? मी पान बघितलं आणि माझी बोबडीच वळली. त त प प करत म्हणालो, जुने अभ्यासक आहेत. ते म्हणाले, हो हो, वाचलंय मी त्यांचं."

एरवी मी यावर दोन दिवस हसले असते. त्या वेळी मात्र माझा पारा चढला.

"आणि मग प्रबंध घरी नेऊन ठेवलात."

"हो."

"पण नव्व्याण्णवच्या प्रबंधात पुन्हा तेच आहे. ती तर तुमचीच विद्यार्थिनी. तुमची सही आहे त्यावर."

"तिने विभागातल्या प्रतीवरून घेतलं होतं. मला दिसलं होतं." ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. "सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, सर, तुमच्यात कसं आलं? ते मला सांगता आलं नसतं."

"आणि म्हणून माझा पेपर चार वर्षं अडवलात?"

"सगळा नाही," ते म्हणाले. "पण थोडा त्यामुळेही."

इतकं सरळ उत्तर मला नको होतं. सरळ बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी येरझारा घालायला लागले. दालन लहान, चार पावलांत भिंत लागायची.

"मला प्रबंध द्या. आजच्या बैठकीत मी तो टेबलावर ठेवणार आहे."

"देतो." त्यांनी खालचा खण उघडला. काळ्या रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, हात न लागल्यामुळे अजून चकचकीत. तो माझ्या हातात देताना त्यांनी क्षणभर धरून ठेवला. "बैठकीत काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त आधी ऋणनिर्देश वाचा. शेवटचा परिच्छेद."

मी उभ्याउभ्याच वाचला. मार्गदर्शक, आईवडील, पत्नी, टंकलेखक. आणि मग : 'तळटीपांवरून संदर्भसूचीची कार्डे परिश्रमपूर्वक तयार करून देणाऱ्या ग्रंथालय सहायक कु. हेमलता भालेकर यांचा मी ऋणी आहे.'

हेमलता भालेकर म्हणजे मी. लग्न होऊन गव्हाणे झाल्याला तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

आणि एकदम सगळं डोळ्यांपुढे आलं. मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला पहिला वर्ग होता आणि त्याचा मला भारी तोरा होता. कोरडे तेव्हा तरुण अधिव्याख्याते, प्रबंध जमा करायची तारीख डोक्यावर. मीच म्हणाले होते, सर, द्या, सूची मी करून देते. तीनशे बारा कार्डं. एकेका तळटीपेवरून एकेक कार्ड, मग अकारविल्हे लावायची. 'तत्रैव' आलं तेव्हा मी थांबलेही नव्हते. कार्ड केलं, 'त' मध्ये ठेवलं. त्यानंतरच्या चाळीस तत्रैवांना पुन्हा कार्ड केलं नाही, कारण एका लेखकाचं एकच कार्ड पुरे. मला पुस्तकांचं वर्गीकरण शिकवलं होतं, तालिकीकरण शिकवलं होतं. तत्रैव म्हणजे काय ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारायची मला लाज वाटली असती. पहिल्या वर्गात आलेल्या मुलीने कोणाला काय विचारायचं?

मी खुर्चीत बसले.

"तुम्हाला हे इतकी वर्षं माहीत होतं?"

"कार्डांचं खोकं माझ्याकडे होतं ना."

"मग मला एकदा तरी बोलायचंत! मी दर बैठकीत तुम्हाला संदर्भ कसे द्यावेत यावर व्याख्यानं देत होते."

"देत होतात," ते म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू होतं. "पण सूची तपासायचं काम माझं होतं. तुम्ही उपकार म्हणून केलं होतंत. तुमच्यावर कसं ढकलणार?"

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. वाईट माणूस वाईट तरी असावा! मी प्रबंध पिशवीत टाकला आणि बाहेर पडले.

अकरा ते अडीच मी परिषदेच्या सभागृहाबाहेरच्या बाकावर होते. बाकावर कसली, बाकाभोवती. निमंत्रितांना आपला विषय आला की आत बोलावतात. शिपायाने दोनदा चहा आणला, दोनदा तो तसाच गार झाला. पेपरला काय होईल हा एक घोर होताच. त्यात आता दुसरा. प्रबंध दाखवावा तर त्यात माझंच नाव. न दाखवावा तर हातात काय उरलं? पुन्हा तेच तक्ते! एकदा वाटलं, नुसता मुलीचा किस्सा सांगावा. नावगाव न घेता. सगळे हसतील, हसता हसता मंजूर करतील. कोरडे सर तोंड उघडणार नाहीत याची खात्री होती. पेपर मिळेल आणि कोणाचंच काही जाणार नाही. हा बेत पक्का करूनच मी आत गेले.

आत गेल्यावर नेहमीप्रमाणे वाणिज्य शाखेचे अधिष्ठाता झंवर सरांनी सुरुवात केली. "गव्हाणे मॅडम, आता पोरांच्या मोबाईलमध्ये सगळं जग आलंय. हे शोधायला शिकवायचं म्हणजे काय? बोट फिरवलं की झालं."

"परवा एक विद्यार्थिनी आली होती," मी म्हणाले, आणि किस्सा सांगितला. तत्रैव सर, ना. गो., पुणे, सगळं. जसा रंगवायचा तसा रंगवला. सभागृह कोसळलं. कुलगुरूंनी चष्मा काढून डोळे पुसले. विज्ञानाच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "सत्कार करा हो त्यांचा!" फक्त कोरडे सर हातातल्या पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

माझं काम झालं होतं. आता नुसतं म्हणायचं होतं, 'म्हणूनच हा पेपर.'

झंवर सर हसत हसत म्हणाले, "पण मॅडम, यात पेपरचा काय संबंध? असल्या मुलींना एम. ए. ला घेतं कोण, ते बघा आधी. आपणच भरती करायची, मग आपणच रडायचं. हिला कुठलाही पेपर ठेवा, काय फरक पडणार आहे?"

"सर, तिला काही बोलू नका," मी म्हणाले.

आवाज चढला होता. माझा मलाच कळला.

"अहो, तुम्हीच तर..."

"मीच हसले, हो. मी तिला भर वाचनकक्षात हसले. पण ऐका आता." मी पिशवीतून प्रबंध काढला नाही, नुसता हात त्यावर ठेवला. "हे तत्रैव आपल्या विद्यापीठाच्या चार प्रबंधांत आहेत. चौघांनाही आपण पीएच. डी. दिली. चार मार्गदर्शकांनी सह्या केल्या, बाहेरून परीक्षक आले, इथेच याच सभागृहात अभिनंदनाचे ठराव झाले. एकोणीस वर्षांत एवढ्या लोकांनी त्यांचं नाव लिहिलं, छापलं, वाचलं. पण ते पुस्तक उघडून बघावं असं किती जणांना वाटलं? एकीला. ती ग्रंथालयात आली आणि म्हणाली, मला ते पुस्तक हवंय. जे आम्ही सगळ्यांनी करायला हवं होतं ते तिने केलं. आणि तुम्ही विचारताय तिला घेतलं कोणी!"

कोणी हसलं नाही.

"चार प्रबंध कुणाचे?" कुलगुरूंनी विचारलं. "पहिली चूक कुठे झाली?"

"माझ्याकडून," मी म्हणाले. "सूचीचं ते पहिलं कार्ड मी लिहिलं. ग्रंथालयशास्त्राची पदवी होती माझ्याकडे, आणि तत्रैव म्हणजे काय मला माहीत नव्हतं. आपल्या पदवीत ते कोणी शिकवत नाही. तेव्हाही नाही, आजही नाही."

झंवर सर खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे ज्यांना स्वतःला येत नव्हतं त्याच आता पोरांना शिकवणार!"

"हो," मी म्हणाले. "मीच शिकवणार."

तेव्हा कोरडे सर उभे राहिले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"प्रबंध माझा आहे," ते म्हणाले. "कार्ड कोणीही लिहो, सूचीवर सही माझी आहे. एक दिवसाच्या परिचयाची माझी सूचना मी मागे घेतो. कला शाखा जूनपासून हा पेपर सुरू करेल. बाकीच्या शाखांनी आपापलं बघावं."

पुढची दहा मिनिटं सगळे एकदम बोलत होते. मला त्यातलं फारसं आठवत नाही. शेवटी ठराव झाला तो एवढाच : कला शाखेसाठी दोन श्रेयांकांचा सक्तीचा पेपर मंजूर, विज्ञान आणि वाणिज्यबाबत पुढील वर्षी विचार. चार वर्षांनी हातात पाव भाकरी पडली होती. पाव तर पाव. बाहेर आल्यावर मात्र हायसं वाटेल म्हणून मी वाट पाहिली, आणि ते काही वाटेना.

मी मराठी विभागात गेले. सारिका धोत्रे वर्गात नव्हती. वसतिगृहात नव्हती. ग्रंथालयात तर ती बुधवारनंतर फिरकलीच नव्हती, हे इंगळेमामांनी आधीच सांगितलं होतं. शेवटी पाच वाजता ती मला परीक्षा विभागाच्या पायऱ्यांवर दिसली. मांडीवर वही, हातात केळं. मला बघून उठायला लागली.

"बस," मी म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. "सारिका, मी परवा तुला हसले. चुकलं माझं. माफ कर मला."

तिने केळ्याची साल नीट घडी घालून वहीखाली ठेवली. "असू द्या मॅडम. लोक हसतेतच."

"नाही, असू द्या नाही. तू पुस्तक मागायला आलीस, मी तुला उत्तर द्यायला हवं होतं. ते माझं काम आहे." मग मी तिला सगळं सांगितलं. कार्डाचं, कोरडे सरांचं, झालेल्या ठरावाचं. "तत्रैव म्हणजे माणूस नाही. तो संस्कृत शब्द आहे. त्याचा अर्थ, तिथेच."

"तिथंच म्हणजे कुठं, मॅडम?"

"म्हणजे वरच्याच ठिकाणी. आधीच्या टीपेत जे दिलंय तेच."

"हां. पण आधीच्या टीपेत काय दिलंय?"

चार प्रबंध मी पालथे घातले होते. एका माणसाला खिंडीत गाठलं होतं. सगळ्या परिषदेला खडे बोल सुनावून, दुसऱ्यांनी पुस्तक उघडलं नाही म्हणून गळा काढून मी आले होते. पण ते वाक्य कोणाचं, हे मी बघितलं नव्हतं.

"तुला काय विचारायचं होतं त्यांना?" मी विचारलं. "परवा म्हणालीस ना?"

"आमचा बाप विहिरी खांदतो," ती म्हणाली. "आज्जा बी तेच. घरी आम्ही वडारीत बोलतो, पण भाईरच्याला मराठीत सांगायचं झालं तर माझी मोठी माय हे असंच म्हणते. पाणी लागलं म्हणून नको, पाणी भेटलं म्हण. लागतो त्यो दगड. जसंच्या तसं, मॅडम. पुण्याच्या सरांना आमच्या घरातलं कसं काय ठाऊक, म्हणून विचारायचं होतं."

मी पिशवीतून कोरडे सरांचा प्रबंध काढला. पानं एकमेकांना चिकटली होती, ती तिने नखाने सोडवली. वाक्य सापडलं. त्याच्या डोक्यावर बेचाळीसचा आकडा. तोच पुढे 'पृष्ठ ४२' झाला होता. खाली तळटीप ४२ : 'तत्रैव.' आणि तिच्या वरती एकेचाळीस. आम्ही दोघींनी एकदमच वाचली.

'मुलाखत : कडूबाई, वडारवस्ती, खडकवाडी. दि. ११ मार्च १९९१.'

परीक्षा विभाग सुटला. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी पायऱ्या उतरत होती. मला रडू आलं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

सारिकाने वही उघडून ते उतरवून घेतलं. मग पुन्हा प्रबंधाच्या पानावर बोट फिरवलं, मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं.

"आडनाव नाही लिहिलं सरांनी."

"नाही."

"वय बी नाही."

"एकवीस वर्षं झाली गं," मी म्हणाले. "त्या आता असतील की नाही, कोण जाणे."

"उद्या शनिवार हाय," ती वही बंद करत म्हणाली. "खडकवाडीला सकाळी सातची एसटी हाय. त्या नसल्या तर घरचे असतील की. नाव तर सांगतील."